गवत, लोखंड आणि वापसा

शाळेत असताना इंग्रजी म्हणीसाठी मराठी म्हण लिहा, असा प्रश्न दोन मार्कांना हमखास यायचा. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ दिसलं की आमचा अख्खा वर्ग डोळे मिटून लिहायचा, वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे. मार्क पुरे मिळायचे. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून रोज इंग्रजी मजकुराचं मराठी करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि केव्हातरी ध्यानात आलं, की ते दोन मार्क आम्हाला द्यायला नको होते. वाहत्या गंगेत हात धुणाऱ्याला आपण हुशार म्हणतो, पण म्हणताना ओठ जरा मुडपतो. गंगा आणायला भगीरथ झिजला; ह्याने नुसते हात बुडवले. इंग्रजी म्हणीतला शेतकरी असा आयत्या प्रवाहाशी आलेला नाही. तो पहाटेपासून रानात राबतो आहे.

संधीविषयीच्या इंग्रजी वाक्प्रचारांचा आज मराठीत सुकाळ आहे. निकालाच्या दिवसांतल्या पुरवण्या, पदवीदान समारंभातली भाषणं, सरकारी जाहिराती, कुठेही पाहा. संधीची दारं उघडतात, संधी दार ठोठावते, मार्ग प्रशस्त होतात, मैदान समतल होतं. इंग्रजीतून काही घेऊच नये असं आमचं मुळीच म्हणणं नाही. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं ते मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापून. मराठी पत्रकारितेचा पाळणाच दोन भाषांत हलला. म्हणणं एवढंच, की ह्यातल्या बहुतेक वाक्प्रचारांच्या पोटात कुणाचं तरी काम आहे, घाम गाळून केलेलं. ते काम कोणतं आणि ते करतंय कोण, हे न विचारता वाक्प्रचार उचलला की मराठीत शब्द तेवढे येतात.

‘हे’ म्हणजे वाळवलेलं गवत. जॉन हेवूड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात ही म्हण आहे, म्हणजे पावणेपाचशे वर्षं तरी ती इंग्लंडच्या तोंडी आहे. तिथल्या हिवाळ्यात कुरणं वाढायची थांबतात. गुरं आणि घोडे जगवायचे तर उन्हाळ्यात, जून-जुलैत, गवत कापून वाळवून ठेवावं लागतं. लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापायचं, पसरायचं, उन्हात पुन्हा पुन्हा उलटवायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून छोटे ढीग घालायचे, सकाळी परत पसरायचे. ह्या सगळ्याला सलग काही कोरडे दिवस हवेत, आणि इंग्लंडच्या उन्हाळ्यात त्यांचाच भरवसा नाही. मध्येच सर आली तर गवत काळं पडतं. त्याहून वाईट म्हणजे, ओलसर राहिलेलं गवत कोठारात रचलं तर ते आतल्या आत तापत जातं आणि काही दिवसांनी आपोआप पेटही घेऊ शकतं. उशीर करून चालत नाही, तशी घाईही करून चालत नाही. पुढच्या जानेवारीतली गाय डोळ्यांसमोर ठेवून आजच्या उन्हात केलेलं हे काम आहे. आजचा इंग्रज ही म्हण बाजार तेजीत असताना नफा कमावणाऱ्यालाही लावतो, हे खरं. पण मुळातला शेतकरी कुणाचं काही ओरबाडत नाही.

आता ही म्हण आपल्या मातीत आणायची तर पहिली अडचण उन्हाचीच. महाराष्ट्रात ऊन कुणाला दुर्मीळ आहे? अवकाळीचा फटका सोडला, तर दिवाळीनंतर कापलेलं गवत किंवा ज्वारीचा कडबा वाळेल की नाही, ह्याची चिंता आपल्याकडे कोणी करत नाही. गंजी रचायला माणसं मिळतील का, ह्याची करतो. आपल्याकडे भरवशाचा नाही तो पाऊस, आणि पाऊस आला तरी हुलकावणी देतो तो वापसा.

शहरात वाढलेल्या वाचकासाठी जरा थांबून सांगायला हवं. मृगाचा पाऊस पडला म्हणून लगेच तिफण धरता येत नाही. काळ्या रानात चिखल फणांना चिकटतो, बी सारखं पडत नाही, माती दबून बसते. चार दिवस जास्त थांबलं तर वरचा थर सुकतो, बी उगवत नाही, आणि दुबार पेरणीचं कर्ज अंगावर येतं. ह्या दोहोंच्या मधली, ओल आहे पण चिकटा नाही अशी जमिनीची अवस्था म्हणजे वापसा. शेतकरी मूठभर माती उचलतो, दाबून तिचा लाडू वळतो आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून देतो. लाडू पडूनही तसाच राहिला तर अजून थांबायचं. वळलाच नाही तर उशीर झाला. पडून फुटला की बैल जुंपायचे. हलक्या मुरमाड रानात वापसा लवकर येतो आणि लवकर मोडतो, काळीत उशिरा येतो. त्यामुळे एकाच शिवारात दोन भावांच्या पेरण्या चार दिवस मागेपुढे होतात. आणि ज्याने चैत्र-वैशाखात नांगरट, वखरणी करून ठेवली, बियाणं वेळेत घरात आणून ठेवलं, त्याच्याच कामी हा वापसा येतो. बाकीच्यांचा तो बांधावर उभं राहून बघण्यात जातो.

‘वापसा आहे तोवर पेरून घ्यावं’, हे आमच्या मते त्या इंग्रजी म्हणीचं खरं मराठी. शब्द एकही जुळत नाही, काम तंतोतंत जुळतं.

‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ मात्र आपण पुरतं आपलंसं केलं आहे. लोखंड तापलेलं असतानाच घाव घालावा, हे वाक्य आज परकं वाटत नाही, कारण लोहार आपल्याही गावात होता. लहानपणी विळे-खुरपी पाजवून आणायला आम्हाला पाठवायचे. लोहाराची कारभारीण भाता ओढायची आणि तो सांडशीत धरलेलं लोखंड निखाऱ्यात फिरवत नुसता रंग बघत बसायचा. आधी काळपट तांबडा, मग शेंदरी, मग पिवळसर. हवा तो रंग आला की लोखंड ऐरणीवर, आणि भराभर आठदहा घाव. तेवढ्यात रंग उतरायचा, की पुन्हा भट्टीत. विळ्याची कड पातळ, ती घटकेत निवते. निवलेल्या लोखंडावर घाव घातला तर ते तडकतं. गरजेपेक्षा जास्त तापवलं तर ठिणग्या फेकत जळून जातं. बघणाऱ्या पोरांना घावांचं कौतुक वाटायचं. त्याचा बहुतेक वेळ मात्र तापवण्यात जायचा.

भाषणांतून ही म्हण ऐकताना नेमकं तेच सुटलेलं असतं. संधी दिसली की झडप घाला, असा तिचा अर्थ सांगतात. लोहार तापलेल्या लोखंडाची वाट बघत बसलेला नसतो; तापवतो तोच. आणि ह्या म्हणीचा इंग्रजीतला एक फार जुना वापर पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चौसरने लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये मेलिबीची कथा आहे, ती त्याने फ्रेंचवरून घेतलेली. म्हणजे उसनवारी करत इंग्रजीही वाढली. शत्रूंनी मेलिबीच्या घरात घुसून त्याच्या बायकोला मारहाण केली आहे, मुलीला जखमी केलं आहे. तो लोकांना बोलावून सल्ला विचारतो. तरुण एकदम उठतात, लोखंड गरम असतानाच ठोकावं तसा सूडही ताजा असतानाच घ्यावा म्हणतात आणि युद्धाचा पुकारा करतात. मग एक जाणता म्हातारा उभा राहून त्यांना समजावू पाहतो, की युद्धाच्या दारातून आत शिरणं सोपं, पण त्याचा शेवट कसा होईल हे कोणालाच सांगता येत नाही. त्याचं कोणी ऐकून घेत नाही. लोखंड तापलं आहे, हे सांगणाऱ्याच्या हातात काय आहे आणि घाव कशावर पडणार आहे, हे विचारायची सवय त्या कथेइतकी जुनी आहे.

खुद्द ‘ऑपॉर्च्युनिटी’ हा शब्दही कष्टाच्या जागीच जन्मला. लॅटिनमध्ये ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर, आणि बंदराकडे नेणाऱ्या वाऱ्यावरून पुढे अनुकूल अशा अर्थाचा शब्द तयार झाला. शिडाच्या होडीतल्या माणसाला असा वारा म्हणजे काय, हे कोकण किनाऱ्याला सांगायला नको. रोमन लोकांचा बंदरांचा देव पोर्टुनुस. टायबर नदीकाठी त्याचं देऊळ अजून उभं आहे. त्याचा सण १७ ऑगस्टला असे, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेच्याच आसपास. ह्या दोन सणांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी समुद्रावर पोट असलेली माणसं कुठलीही असोत, त्यांना वाऱ्यापाण्याच्या देवाला हात जोडूनच होडी लोटावी लागते. आणि वारा अनुकूल झाला म्हणून होडी आपण होऊन बंदराला लागत नाही. शीड आधी शिवलेलं असावं लागतं.

आपला ‘संधी’ शब्द दुसऱ्याच घरातून आला. संधी म्हणजे सांधा. दिवस आणि रात्र जिथे भेटतात तो संधिकाल, दोन राजांमधला तह तो संधी, दोन अक्षरं जुळतात तो व्याकरणातला संधी. संस्कृतात चोराने भिंतीला पाडलेल्या भोकालाही संधीच म्हणतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, आणि कुठली वीट काढली म्हणजे भोक नीट पडेल ह्याचा एखाद्या कारागिरासारखा विचार करतो. गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठीत आणलं, तेव्हा हा शास्त्र जाणणारा चोर मराठी प्रेक्षकालाही भेटला. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी वारा आहे, आपल्या शब्दाच्या मुळाशी जोड आहे, आणि जिथे जोड असते तिथे फटही असते. संधी साधणाऱ्या माणसाकडे मराठी जराशी तिरकी नजर टाकते, त्यात ह्या फटीची आठवण असावी असं आम्हाला वाटतं.

‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’चं ‘संधीची खिडकी’ असं भाषांतर हल्ली छापून येतं. वाचणाऱ्याला वाटतं, खिडकीतून काहीतरी दिसणार आहे. ह्या खिडकीचा मुद्दा ती बंद होण्याचा आहे. अवकाश-मोहिमांत यान सोडता येईल अशा मोजक्या दिवसांना ‘लाँच विंडो’ म्हणतात. पृथ्वी आणि मंगळ यांची सोयीची मांडणी साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. आपलं मंगळयान २०१३ साली ऑक्टोबरच्या अखेरीस निघायचं होतं. त्याचा माग घेण्यासाठी प्रशांत महासागरात पाठवलेल्या जहाजाला खराब हवामानामुळे पोचायला उशीर झाला आणि उड्डाण पुढे गेलं. १९ नोव्हेंबरपर्यंतची मुदत होती. ५ नोव्हेंबरला श्रीहरिकोट्याहून यान उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं. ती मुदत टळली असती तर दोन वर्षांहून अधिक काळ थांबावं लागलं असतं. ह्या कल्पनेला मराठीत पिढ्यान्‌पिढ्यांचा शब्द आहे, मुहूर्त. मुहूर्त गाठायचा असतो, तो टळतो, आणि टळला की पुढच्याची वाट बघावी लागते. पंचांगावर विश्वास असो वा नसो, शब्द अगदी चपखल बसतो.

आतापर्यंतच्या म्हणींत माणूस आपल्यासाठी राबतो. इंग्रजीत दुसरं एक घराणं आहे, ज्यात कोणीतरी दुसऱ्यासाठी संधी तयार करतं. आमच्या मते जास्त लक्ष द्यावं असं हेच घराणं आहे, आणि मराठीत सर्वांत जास्त पाणी घातलं जातं तेही इथेच.

‘ब्लेझ अ ट्रेल’ घ्या. ‘ब्लेझ’ म्हटल्यावर आग आठवते, म्हणून ‘धगधगती वाट’ असलं काहीतरी लिहिलं जातं. इथे आगीचा संबंध नाही. घोड्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्याला इंग्रजीत ‘ब्लेझ’ म्हणतात. दाट रानातून पहिल्यांदा जाणारा माणूस कुऱ्हाडीने झाडांच्या साली तासत जायचा. आतलं पांढरं लाकूड त्या पट्ट्यासारखं लांबून दिसायचं आणि मागून येणाऱ्याला वाट कळायची. सह्याद्रीत भटकणारी मंडळी कातळावर रंगाने बाण काढून ठेवतात, ते हेच. आपण पुढे गेलो एवढ्याने भागत नाही; मागच्यांसाठी थांबून खूण करावी लागते. पहिला आलेल्या प्रत्येकाला हा वाक्प्रचार लावू नये.

‘लेग अप’ देणं म्हणजे घोड्यावर चढणाऱ्याच्या पायाखाली आपले हात देणं. मराठीत ह्याला ‘हात देणे’ इतका सरळ शब्द असताना कोणी ‘खांदा देणे’ लिहू नये, त्याने भलतीच यात्रा निघते. ‘फूट इन द डोअर’ मिळवणं हे फेरीवाल्या विक्रेत्याचं कसब, दार लागू नये म्हणून उंबऱ्यात पाय अडकवायचं. आपल्याकडे चंचुप्रवेश म्हणतात, पण त्याच्यामागून मुसळप्रवेश येतो ही धास्ती त्या शब्दालाच जडली आहे. नोकरीच्या संदर्भात मराठी आईबाप बोलतात ते जास्त खरं आहे. पोराला कुठेतरी चिकटवा हो, म्हणतात. त्या चिकटवण्यात त्यांची सगळी काळजी असते.

‘बूटस्ट्रॅप्स’ धरून स्वतःच स्वतःला वर उचला, हा उपदेश तर मुळापासून उलटा झाला आहे. बुटाच्या मागे पट्टी असते, बूट पायात ओढून घ्यायला. ती धरून माणूस स्वतःला जमिनीवरून उचलू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात हा वाक्प्रचार अशक्य गोष्टीसाठीच वापरला जायचा. आता तोच स्वावलंबनाचा गौरव म्हणून गरीब घरच्या मुलांपुढे ठेवला जातो. आम्हाला ह्याचा मनापासून त्रास होतो. आपल्याच खांद्यावर आपल्याला बसता येत नाही, हे दहीहंडीच्या सगळ्यात खालच्या थराला कळतं.

तिथून ‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ लांब नाही. उताराच्या मैदानावर एका संघाला चेंडू घेऊन चढावं लागतं. खेळात निदान मध्यंतरानंतर बाजू बदलतात, कबड्डीतही अंगण बदलतं. समाजात अशी बाजू बदलत नाही, पिढ्यान्‌पिढ्या एकच संघ चढावर खेळतो. ‘समतल मैदान’ ह्या भाषांतरात हे काही उमटत नाही. त्यापेक्षा कोल्हापुरात आजही सांगितली जाणारी शाहू महाराजांची गोष्ट बघा. पात्रता असेल त्याला जागा मिळावी, असा युक्तिवाद करणाऱ्या एका गृहस्थांना महाराज पागेत घेऊन गेले आणि सगळ्या घोड्यांची चंदी एकाच ठिकाणी टाकायला सांगितली. दांडग्या घोड्यांनी मुसंडी मारून ती फस्त केली. शिंगरं आणि म्हातारे, आजारी घोडे बाजूला उभे राहिले. गोष्ट गोष्ट म्हणूनच घ्यावी. पण २६ जुलै १९०२ चा संस्थानी नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम ही नोंदलेली गोष्ट आहे. ज्याला इंग्रजीतल्या समतल मैदानाचं मराठी हवं आहे, त्याने चंदी वेगळी घालणे म्हणावं. ऐकणाऱ्याला लगेच कळेल, आणि कोणाच्या वाट्याची चंदी कोण खातंय हा प्रश्नही आपोआप पुढे येईल.

कारण आमची खरी तक्रार वाक्यरचनेशी आहे. ‘संधी उपलब्ध करून देण्यात येतील’, ‘दारे खुली होणार’, ‘मार्ग प्रशस्त होईल’. ह्या वाक्यांत कर्ताच नसतो. इंग्रजीत ‘पेव्ह द वे’ म्हटलं की निदान विचारता येतं, रस्ता कोणी बांधला? फरशी कोणी वाहिली? मराठीत आणताना आपण तो माणूस गाळतो. १९१९ साली भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली, त्यांना कमवा आणि शिका म्हणत हाताला काम दिलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘ग्रामीण युवकांसाठी शिक्षणाची दारे खुली झाली’ असं त्याचं एका ओळीत वर्णन करता येतं. त्या ओळीत भाऊराव नाहीत, लक्ष्मीबाई नाहीत, दागिने नाहीत, आणि चुलीवरची भाकरीही नाही.

मागे एकदा आमच्या टेबलावर जिल्ह्याच्या वार्ताहराची बातमी आली. पहिलं वाक्य होतं, ‘दुर्गम भागातील मुलींसाठी शिक्षणाच्या नव्या संधींची दारे खुली होणार.’ त्याला फोन लावून विचारलं, दार कोण उघडतंय? तो जरा गोंधळला, मग म्हणाला, साहेब, तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह सुरू होतंय, साठ जणींची सोय आहे, जेवण फुकट. कधीपासून? पंधरा जूनपासून. म्हटलं, मग हेच लिही ना. दुसऱ्या दिवशी बातमी तशी छापली, दार आणि संधी दोन्ही शब्द वगळून. दुपारपर्यंत कचेरीत चार फोन आले. एका फोनवर कोणाची तरी आजी होती. अर्ज कुठे मिळतो, आणि पोरीच्या दाखल्यावर बापाचीच सही लागते का, एवढंच तिला विचारायचं होतं.